पंधराएक शब्दांची भाषा, साठ वर्षांचा संसार: 'बेसिक' टिकली कशी?

नव्वदच्या दशकात बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, बाजारपेठेतल्या एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर 'कॉम्प्युटर क्लास'ची पाटी दिसायचीच. चपला बाहेर काढायच्या, पडदे लावलेल्या गार खोलीत शिरायचे, एका मशीनवर दोघांनी बसायचे. सर येऊन काहीतरी टाइप करून जायचे आणि काळ्या पडद्यावर 'ओके' एवढीच अक्षरे उमटायची. तळाशी लिस्ट, रन, लोड, सेव्ह अशी एक ओळ. बाकी सगळा पडदा रिकामा. मी तयार आहे, आता काय करायचे ते तुम्ही सांगा, असाच त्याचा अर्थ. ती 'जीडब्ल्यू-बेसिक' होती. पुढे बँकेत, सीएच्या ऑफिसात, शाळेत किंवा घरच्या दुकानात गेलेल्या अनेकांचा कॉम्प्युटरशी पहिला संबंध तिथे आला. बाकी सगळे विसरले तरी 'दहा प्रिंट, वीस गोटू दहा' एवढे त्यांना आजही आठवते.

ही भाषा बनवणाऱ्या दोघांपैकी थॉमस कर्ट्झ यांचे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. दुसरे जॉन केमेनी १९९२ मध्येच गेले. भाषेचा जन्म १९६४ चा. कॉम्प्युटरच्या दुनियेत दहा वर्षांत एक पिढी संपते. तिथे साठ वर्षे म्हणजे पणजोबाचा काळ झाला. त्या काळातल्या बहुतेक भाषांची नावेसुद्धा आता कोणी घेत नाही. मग बेसिकच का टिकली?

याचे उत्तर तिच्या व्याकरणात थोडेच आहे. कॉम्प्युटर कोणासाठी, या प्रश्नाला त्या दोघांनी जे उत्तर दिले, त्यात ते जास्त आहे.

खिडकीपाशी उभा विद्यार्थी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर यंत्र. त्याला हात लावायची मुभा मोजक्या लोकांना. बाकीच्यांनी आपला प्रोग्रॅम भोके पाडलेल्या कार्डांवर तयार करायचा, गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. निकाल काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत. दुरुस्ती करून पुन्हा रांगेत. कचेरीत अर्ज दिलेल्या आणि 'त्रुटी' असा शेरा घेऊन परत आलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कर्ट्झ यांची गोष्ट तर आणखी कठीण होती. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर नावाच्या छोट्या गावी डार्टमथ कॉलेज आहे. तिथे ते गणित शिकवत. पन्नासच्या दशकात कॉलेजकडे कॉम्प्युटरच नव्हता. कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन रेल्वेने बोस्टनकडे एमआयटीच्या मशीनवर काम करायला जात. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास.

केमेनी हे मूळचे हंगेरीचे. बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबात जन्म. हिटलरच्या धास्तीने कुटुंब १९४० मध्ये अमेरिकेत आले. अणुबाँबच्या प्रकल्पात लॉस अलामॉसला त्यांनी आकडेमोडीचे काम केले आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइन यांचे गणिताचे सहायक होते. लॉस अलामॉसला वर्षभर चाललेली आकडेमोड पुढे डार्टमथचा साधा विद्यार्थी एका दुपारी उरकू शकेल, असे ते नंतर सांगत.

डार्टमथमध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंगकडे जाणारे विद्यार्थी जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य शिकणारे. यांतलेच कोणी पुढे अधिकारी होणार, कोणी कंपन्या चालवणार. कॉम्प्युटरविषयीचे निर्णय हेच लोक घेणार आणि यांनी तो कधी हाताळलेलाच नसणार. म्हणून नुसते 'कॉम्प्युटर म्हणजे काय' यावर व्याख्यान नको, प्रत्येकाने स्वतः प्रोग्रॅम लिहावा, हा कर्ट्झ यांचा आग्रह होता. केमेनींनी तो उचलून धरला.

त्यासाठी आधी खिडकी काढून टाकायला हवी होती. त्यांनी 'टाइम शेअरिंग'ची वाट धरली. मशीन एकच, पण ते प्रत्येकाला क्षणभर देते आणि पुढच्याकडे वळते. खानावळीत वाढपी एकच असतो. पण हाताला वेग असेल तर पंगतीतल्या कोणालाच आपण थांबलो असे वाटत नाही. तसेच हे. टाइपरायटरसारखी दिसणारी टेलिटाइप यंत्रे कॉलेजमध्ये ठिकठिकाणी ठेवली आणि मुख्य मशीनला जोडली. मशीन होते जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे. या सगळ्याची बरीचशी प्रत्यक्ष बांधणी पदवीपूर्व वर्गातल्या पोरांनी केली, हे मुद्दाम सांगायला हवे. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास दोन टर्मिनलवरून एकाच वेळी प्रोग्रॅम चालवले गेले आणि दोन्हीकडे बरोबर उत्तर आले.

मशीनमध्ये शिरताना 'हॅलो' टाइप करायचे, निघताना 'गुडबाय'. विद्यार्थ्याला पैसे नाहीत, परवानगीची चिठ्ठी नाही. ग्रंथालयात जाऊन कपाटातले पुस्तक आपल्या हाताने काढावे, तसा कॉम्प्युटर वापरता यावा, ही कल्पना. पोरांनी त्यावर अभ्यास केला तसे खेळही लिहिले, आणि त्याबद्दल त्यांना कोणी हटकले नाही. अर्थात 'सगळ्यांसाठी' या शब्दालाही तेव्हा कुंपण होतेच. डार्टमथला तेव्हा फक्त मुलगे शिकत. मुलींना प्रवेश मिळाला १९७२ मध्ये, केमेनी कॉलेजचे अध्यक्ष असताना.

ओळींना दहा-वीस-तीस का?

त्या काळी फोरट्रान नावाची भाषा चालत होती. ती शास्त्रज्ञांसाठी ठीक होती. पण नवख्या माणसाला तिच्यात पावलोपावली खड्डे. एक उदाहरण पाहा. फोरट्रानमध्ये वेगळे सांगितले नाही, तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावे पूर्णांकासाठी आणि बाकीची दशांशासाठी धरली जात. हे माहीत नसलेल्याचे उत्तर चुकायचे आणि का चुकले तेही कळायचे नाही. बेसिकमध्ये केमेनी आणि कर्ट्झ यांनी हा भेदच काढून टाकला. आकडा म्हणजे आकडा.

पहिल्या बेसिकमध्ये पंधराएक आज्ञा होत्या: लेट, प्रिंट, रीड, डेटा, गोटू, इफ-देन, फॉर, नेक्स्ट, एंड अशा. सगळे रोजच्या इंग्रजीतले शब्द. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलांना पुढे ही भाषा जड का गेली नाही, त्याचे एक कारण इथे सापडते. इंग्रजी बोलता यायला नको, निबंध लिहायला नको. पंधरा शब्द आणि त्यांचा अर्थ पाठ असला की काम सुरू. इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा कॉम्प्युटरच्या तासाला बाकीच्यांच्या बरोबरीने उभा राहू शकत होता.

कॉमर्सवाल्यांना पटेल असे उदाहरण घेऊ. दहा हजार रुपये आठ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले. पाच वर्षांत दर वर्षअखेर किती होतील?

१० लेट पी = १००००
२० फॉर वाय = १ टू ५
३० लेट पी = पी * १.०८
४० प्रिंट वाय, पी
५० नेक्स्ट वाय
६० एंड

एवढेच. 'पी' म्हणजे मुद्दल. 'वाय' एकपासून पाचपर्यंत जाईल, दर फेरीला मुद्दल १.०८ पटीने वाढेल आणि आकडा छापला जाईल. 'रन' टाइप करून एंटर दाबले की १०८००, ११६६४, १२५९७.१२ अशी यादी उतरत जाते. पाचव्या वर्षी १४६९३ रुपये २८ पैसे. व्याजाचा दर बदलायचा तर फक्त तिसावी ओळ नव्याने टाइप करायची. चूक झाली तर मशीन तिथल्या तिथे 'सिंटॅक्स एरर' म्हणते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला नको.

ओळींचे आकडे दहा-दहाने का वाढतात, हे मात्र फारसे कोणी शिकवले नाही. टेलिटाइपला पडदा नव्हता, कागद होता. वर जाऊन दुरुस्ती करायची सोयच नाही. वहीखात्यात दोन नोंदींच्या मध्ये तिसरी घुसवायची म्हटली तर खाडाखोड होते. बेसिकमध्ये ३५ हा आकडा देऊन नवी ओळ कुठेही टाइप करा, मशीन ती आपोआप ३० आणि ४० च्या मध्ये नेऊन बसवते. तेच ३० पुन्हा टाइप केले की जुनी ओळ जाऊन नवी येते. म्हणजे ओळीचा आकडा हा पत्ताही आणि खोडरबरही. साधीच युक्ती, पण नवख्याची अर्धी भीती तिने घालवली.

कॉलेजमधून बाजारात

डार्टमथने ही भाषा कुलूपबंद ठेवली नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी आणि आपल्या मशीनवर बसवावी. सत्तरच्या दशकात त्यामुळे तिच्या बोलीच बोली तयार झाल्या.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा कॉम्प्युटर झळकला. किंमत आवाक्यात, पण त्याला ना कीबोर्ड ना पडदा; समोरच्या खटक्यांनी आकडे भरायचे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोघांच्या लक्षात आले की या डब्याला बेसिक मिळाली तर तो माणसात येईल. त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हता. हार्वर्डच्या मोठ्या मशीनवर त्यांनी अल्टेअरमधल्या चिपची नक्कल चालवली आणि तिच्यावर आपली बेसिक तयार केली; आकडेमोडीचा एक भाग मॉन्टे डेव्हिडॉफ यांनी लिहिला. ॲलन कागदी पट्टी घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले आणि पट्टी मशीनमध्ये चढवायचा छोटा प्रोग्रॅम राहिलाच आहे हे वाटेत आठवल्यावर तो विमानातच लिहिला. खऱ्या अल्टेअरवर ती पहिल्यांदा तिथेच चालली. दोन अधिक दोन विचारले, चार आले. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा पहिला माल तो हा.

हौशी मंडळींनी त्या पट्टीच्या प्रती काढून एकमेकांना वाटल्या. गेट्स चिडले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये त्यांनी उघड पत्र लिहून याला चोरी म्हटले. कॉलेजने फुकट दिलेल्या भाषेवर कंपनी उभी राहायची आणि त्याच भाषेच्या प्रतीवरून भांडण, यातली गंमत तेव्हाही लोकांना कळली होती. पण त्यांचेही चूक म्हणता येत नाही. भाषा डार्टमथची असली तरी चार किलोबाइटच्या चिमुकल्या जागेत ती बसवण्याची मेहनत या पोरांची होती.

पुढची दहा वर्षे बेसिकची. ॲपल टू, कमोडोर, टीआरएस-८०, १९८१ चा आयबीएम पीसी, सगळ्यांत ती चिपमध्येच भरलेली. त्यांतल्या बहुतेकांत मायक्रोसॉफ्टची. बटण दाबले की दुसरे काही न करता थेट बेसिक समोर. डेव्हिड आल यांचे बेसिकमधल्या खेळांचे पुस्तक दहा लाखांवर खपले. पुस्तकात खेळ नव्हता, खेळाचा प्रोग्रॅम छापलेला होता! पोरांनी तो ओळीन् ओळ बघून टाइप करायचा. एक अक्षर चुकले की खेळ बंद, मग चूक शोधा. शिवाय पुस्तकातली बोली एक आणि घरच्या मशीनची दुसरी, म्हणजे थोडे बदल आपल्यालाच करावे लागत. हजारो मुले खेळायला बसली आणि प्रोग्रॅम लिहायला शिकून उठली ती अशी.

ब्रिटनमध्ये बीबीसीने देशाला कॉम्प्युटर शिकवायचा विडा उचलला. त्यासाठी एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' काढला. त्यातली बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली. याच विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एआरएम चिप घडवली, आणि चिप प्रत्यक्ष बनायच्या आधी तिचा नमुना बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासला. आज जवळपास प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये याच घराण्याची चिप असते.

हाच बीबीसी मायक्रो भारतातही आला. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला आणि पुढे राज्यांमार्फत १२ हजार बीबीसी मायक्रो माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना दिले. नंतर पीसी आले, त्यांच्याबरोबर जीडब्ल्यू-बेसिक आली आणि गल्लीबोळांत क्लास निघाले.

शिव्याही कमी खाल्ल्या नाहीत

जाणकारांना ही भाषा कधीच फारशी आवडली नाही. नेदरलँड्सचे एड्सखर डाइक्स्ट्रा हे या क्षेत्रातले मोठे नाव. बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याचे डोके कायमचे बिघडते, त्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळपास अशक्य, अशा अर्थाचे त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले. राग मुख्यतः 'गोटू'वर. इथून तिथे उडी, तिथून परत मागे उडी. प्रोग्रॅम दोनशे ओळींचा झाला की ताटातल्या शेवयांसारखा गुंता. लिहिणाऱ्यालाच महिन्याने उलगडत नाही.

आरोपात तथ्य होते. खुद्द केमेनी आणि कर्ट्झही बाजारातल्या बोलींवर नाराज होते. डार्टमथची बेसिक तोवर सुधारत पुढे गेली होती, आणि घराघरांतल्या मशीनवर तिचे काटछाट केलेले रूप पसरले होते. त्या रूपाला ते 'रस्त्यावरची बेसिक' म्हणत. त्यांनी ऐंशीच्या दशकात 'ट्रू बेसिक' ही शिस्तशीर आवृत्ती काढली. ती फार चालली नाही. ज्याच्या मशीनमध्ये एक बेसिक आधीच आहे, तो दुसरी विकत कशाला घेईल?

पण डोके बिघडते हे काही खरे ठरले नाही. त्या पिढीतले असंख्य लोक बेसिकवर सुरुवात करून पुढे इतर भाषांत उत्तम काम करते झाले. पाटीवर वेडेवाकडे गिरवल्याने कोणाचे अक्षर जन्मभर बिघडत नाही.

आता कुठे आहे?

नवे काम बेसिकमध्ये कमीच होते. शाळांत आता स्क्रॅच आणि पायथन आले आहेत, आणि भाषा म्हणून पायथन जास्त नीटनेटकी आहे यात वाद नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जुन्या जीडब्ल्यू-बेसिकचा मूळ प्रोग्रॅमच सगळ्यांसाठी खुला करून टाकला. हॅनोव्हर गावात २०१९ पासून रस्त्याच्या कडेला राज्य सरकारचा फलक उभा आहे, लढाया आणि जुन्या घरांसाठी असतो तसा. हा एका कॉम्प्युटरच्या भाषेसाठी.

हरवली आहे ती दुसरीच गोष्ट. तेव्हाचे मशीन चालू केले की आज्ञेची वाट बघत थांबायचे. आजच्या मुलाच्या हातातला मोबाइल त्या मशीनपेक्षा कित्येक पटींनी ताकदवान आहे, पण तो चालू केल्यावर काय बघायचे तेच सुचवतो. त्याला आज्ञा लिहून द्यायची तर आधी वेगळा कॉम्प्युटर, मग त्यावर दहा गोष्टी बसवा, खाते उघडा. ज्या घरात लॅपटॉप आहे तिथे हे जमते. सीमाभागातल्या खेड्यात घरात एकच फोन, तोही वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर, तिथे मुलगी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात कुठून करणार? इंग्लंडमध्ये एबेन अप्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा स्वस्त छोटा कॉम्प्युटर काढला तो याच काळजीपोटी, आणि त्याच्या मॉडेलांना 'ए' आणि 'बी' ही नावे बीबीसी मायक्रोवरून दिली.

बेसिक मात्र एका ठिकाणी अजून रोज राबते आहे. १९९१ मध्ये आलेल्या 'व्हिज्युअल बेसिक'चे रूप मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एक्सेलमध्ये घातले. एक्सेलचे 'मॅक्रो' लिहिले जातात ते याच भाषेत. पगारपत्रक, जीएसटीची जुळवणी, सोसायटीच्या सभासदांचे व्याज असली कामे करणारे मॅक्रो अनेक ऑफिसांत कोण्या जुन्या क्लार्कने किंवा आर्टिकलशिपला आलेल्या पोराने लिहून ठेवलेले असतात. लिहिणारा निघून जातो, मॅक्रो चालत राहतो, आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. उघडून पाहिले तर आत डिम, फॉर, नेक्स्ट, इफ, देन हे १९६४ चेच शब्द दिसतात.

वरचा सहा ओळींचा प्रोग्रॅमही तिथे चालतो. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ ११ एकत्र दाबायचे, इन्सर्टमधून मॉड्यूल घ्यायचे, वर 'सब' आणि एखादे नाव लिहायचे, शेवटच्या 'एंड'चे 'एंड सब' करायचे आणि 'प्रिंट'च्या आधी 'डीबग' लिहून ठिपका द्यायचा. 'लेट' काढायचीसुद्धा गरज नाही. एफ ५ दाबले की कंट्रोल आणि जी दाबून उघडणाऱ्या खालच्या खिडकीत यादी येते. पाचव्या वर्षी १४६९३ रुपये २८ पैसे.